म्हसू पैलवानांची पाठ

म्हसू पैलवान पहिल्यांदा जिना चढून आमच्या हॉलमध्ये आले, तेव्हा आम्ही सगळे उताणे पडून हवेत पाय मारत होतो. दारात चप्पल काढून, हातात कागदी कपातला चहा धरून ते बराच वेळ बघत राहिले. मग आमच्या शिकवणाऱ्या मुलीला त्यांनी हळूच, कुणाचा अपमान होऊ नये अशा बेतानं विचारलं, "बाई, ही सगळी माणसं हरलेली हायेत का?"

नवीन जालन्यात, स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर, बियाण्यांच्या एका गोदामाच्या वर हा हॉल होता. खाली सरकीचा वास आणि वर आमच्या घामाचा. सकाळी लवकर वर्ग भरायचा. शिकवणारी निकिता पुण्यात शिकायला असताना हा खेळ शिकून आली होती आणि आता एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरी करत होती. चणीनं बारीक, आवाज मात्र खणखणीत. शिकणाऱ्यांत कॉलेजची काही मुलं, एक मेडिकल दुकानवाला, एक बँकेतला कारकून आणि मी. मी मूळचा वाटूरचा, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. डॉक्टरांनी साखरेची भीती घातली म्हणून इथं आलेलो.

खेळ जिउ-जित्सूचा, त्यातही जाड झगा न घालता खेळायचा. अंगात घट्ट टी-शर्ट आणि खाली चड्डी. धरायला कापडच नाही, त्यामुळे समोरच्याचं मनगट, दंड, मान, घोटा, जे हाती लागेल ते धरायचं, आणि घामानं तेही निसटतं. गळा आवळला किंवा सांधा पिळला की हरणारा हातानं थाप मारतो, मग सोडायचं. पाठ टेकली म्हणून कुणी हरत नाही. खालचा माणूस स्वतःचे पाय आपल्या आणि वरच्याच्या मध्ये ठेवून लढत राहतो. पायांच्या या आडोशाला 'गार्ड' म्हणतात. निकिताचा सगळा जीव या गार्डमध्ये होता, कारण तिच्यासारख्या हलक्या माणसाला बहुतेक वेळ खालीच काढावा लागतो.

म्हसू पैलवान घनसावंगी ते जालना काळी-पिवळी जीप चालवायचे. सकाळची पहिली खेप स्टेशनजवळ रिकामी झाली की परतीची सवारी जमेपर्यंत त्यांना वेळ असायचा. गोदामाशेजारच्या टपरीवर चहा पिताना वरून धपाधप आवाज येतात म्हणून ते चढून आले होते. वय पन्नाशीच्या पलीकडचं. मान खांद्यातच सुरू होऊन खांद्यातच संपलेली, कान फुलकोबीसारखे झालेले, मिशा पांढऱ्या. घनसावंगीच्या अलीकडे त्यांचं गाव. बाप मेंढरं राखायचा. म्हसू पैलवानांनी पंधरा-वीस वर्षं जत्रांमधून कुस्त्या मारल्या आणि त्या भागात अजून त्यांचं नाव निघालं की लोक म्हणायचे, त्यांच्या पाठीला कुणी माती लावली नाही.

निकितानं त्यांना सांगितलं की हरलेलं कुणी नाही, आणि खेळून बघायचं असेल तर या. त्यांनी चहा संपवला, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि सवयीनं मॅटच्या कडेला हात लावून तो कपाळाला लावला. निकितानं माझ्याकडे बोट केलं.

मी कसा पडलो ते मला आजही सांगता येणार नाही. एवढंच आठवतं की पडल्यावर पैलवान लगेच उठले आणि मला उठवायला हात पुढे केला. त्यांच्या हिशोबानं कुस्ती संपली होती. निकिता म्हणाली, चालू ठेवा. त्यांनी मला सभ्यपणे विचारलं, परत पाडू का? आणि परत पाडलं. या वेळी मी निकिताच्या सांगण्याप्रमाणे दोन्ही पाय त्यांच्या कमरेभोवती घालून घोट्यांची कडी मारली. पैलवानांनी खाली बघितलं. मग सरळ उभे राहिले, मला तसंच पोटाशी लटकतं घेऊन खिडकीपर्यंत चालत गेले आणि निकिताला म्हणाले, "यांला कुठं ठिवू?"

हसून हसून मीच कडी सोडली.

मग निकिता स्वतः त्यांच्यासमोर मॅटवर बसली. पैलवानांनी हात जोडले. बाईमाणसाच्या अंगाला हात लावणं आपल्याच्यानं होणार नाही, असं त्यांनी सांगून टाकलं. निकितानं विचारलं, तालमीत वस्तादांच्या अंगाला हात लावायचात ना? मग या हॉलमध्ये मी वस्ताद. पैलवानांनी यावर खरोखरच विचार केला. मग काचेची बांगडी फुटू नये अशा बेतानं त्यांनी तिचं मनगट धरलं. तिनं एक हात त्यांच्या बगलेखालून घातला, डोकं छातीला लावलं, आपल्या पायाचा पंजा त्यांच्या मांडीच्या आत अडकवला आणि एका कुशीवर कलंडली. तिच्या दुप्पट वजनाचे पैलवान तिच्यावरून पलटी झाले.

पाठ टेकायच्या आत ते विजेसारखे पालथे वळले. कुस्तीत हेच शहाणपण. पण इथं पाठ दाखवली की गळा गेलाच. निकिता पाठीवर बसून मानेभोवती हात घालून मोकळी झाली. थाप मारायची असते हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. चेहरा लाल होत गेला तेव्हा आम्ही सगळे ओरडलो, आणि त्यांनी तिच्या दंडावर लेकराला थोपटावं तसं थोपटलं.

खाली जीपमध्ये बसलेल्या सवाऱ्या हॉर्न वाजवायला लागल्या होत्या. पैलवान उठून बसले, घाम पुसला आणि म्हणाले, "पाडलं कसं तेवढं सांगा आधी. मंग जातो."

दुसऱ्या दिवशी ते चड्डी घेऊनच आले.

त्या दिवसापासून पैलवान आमच्यात रुळले. खेळायला बसताना ते मांडीवर जोरात शड्डू ठोकायचे. उभ्यानं ठोकलेला शड्डू मी जत्रेत पुष्कळ ऐकला होता, बसून ठोकलेला पहिल्यांदाच ऐकला. गोदामातला माणूस वर येऊन विचारून गेला की पोती पडली का. तालमीतली लाल माती चिमूटभर खिशातून आणायची त्यांना सवय. घामानं हात निसटतात म्हणून त्यांनी ती हातावर चोळली, निकितानं मॅट खराब होते म्हणून ती बंद केली. तरी ते रोज रिकामे तळहात चोळून फुंकर मारायचेच. शनिवारी फडक्यात बांधून भाकरी आणि ठेचा आणायचे. आमच्या बँकेतल्या कारकुनाला तिखट सोसायचं नाही, त्याच्यासाठी वेगळं दही. मला ते रोज "जय भीम, सर" म्हणायचे, बाकीच्यांना रामराम, आणि निकिताला नमस्कार करताना डोक्यावरची टोपी काढून हातात घ्यायचे.

सगळं जमत होतं, एक सोडून. पैलवानांची पाठ टेकत नव्हती.

त्यांना कळत सगळं होतं. पाय मध्ये ठेवायचे, कोपर आणि गुडघा एकमेकांना सोडून जाऊ द्यायचे नाहीत, समोरच्याला आपलं डोकं धरू द्यायचं नाही. पण खांद्याचा मागचा भाग मॅटला लागला रे लागला की अंग आपोआप उसळायचं आणि ते पालथे व्हायचे. मग कुणीतरी पाठीवर चढून गळा धरायचं. मेडिकलवाल्यानंसुद्धा एकदा धरला आणि आठवडाभर दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगितलं. पैलवानांना हरण्याचं दुःख नव्हतं. ते थाप मारून हसत उठायचे. पण एकदा आम्ही दोघंच टपरीवर चहा घेत होतो तेव्हा ते म्हणाले, "सर, कुस्तीत पाठ टेकली की हलगी थांबते. माझ्या डोक्यात ती अजून थांबते. अंग ऐकतच न्हाई."

त्यांच्या बायको गयाबाई एकदा डोळे दाखवायला जालन्यात आल्या होत्या. दवाखाना उघडायला अवकाश होता म्हणून हॉलमध्ये येऊन भिंतीला टेकून बसल्या. नवऱ्याची तडफड बघून त्यांनी निकिताला बोलावलं आणि सांगितलं की लग्न झाल्यापासून हा माणूस उताणा झोपलेला आपण पाहिला नाही. एकदा ताप चढला होता, डॉक्टरनं उताणं निजवून सलाईन लावलं, तर सलाईनसकट पालथा झाला. पैलवान लाजून खिडकीबाहेर बघत राहिले.

निकितानं यावर बराच विचार केला असावा. तिनं त्यांना पाठ टेकवायला सांगणंच सोडून दिलं. म्हणाली, काका, तुम्ही बसून खेळा. बसून खेळायचं हे पैलवानांना लगेच पटलं. पंगतीला बसावं तसे ते बसायचे, दोन्ही पंजे समोरच्याच्या मांड्यांच्या आत अडकवून, एक हात त्याच्या बगलेत. काही दिवसांनी ती म्हणाली, आता एक कूस टेकवा, कूस म्हणजे काही पाठ नाही. कूस चालते, असं त्यांनी मान्य केलं. मग या कुशीवरून त्या कुशीवर जायला शिकवलं, भिंतीला पाय लावून कंबर फिरवायला शिकवली. एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर जाताना मध्ये पाठ येतेच, पण ते कुणी बोललं नाही. कुशीवर झोपून समोरच्या माणसाचे गुडघे पायानं लांब ठेवायचा त्यांना नाद लागला.

एका सकाळी कॉलेजचा एक जाडजूड मुलगा त्यांच्यावर जोर लावत होता आणि पैलवान त्याची दोन्ही मनगटं धरून, पाय त्याच्या कमरेवर ठेवून पडले होते. एकाएकी त्यांनी वर बघितलं आणि म्हणाले, "ह्या पंख्याला लई जाळं लागलंय."

आम्ही सगळे थांबलो. इतके महिने हॉलमध्ये येऊन त्यांनी छत कधी पाहिलंच नव्हतं. त्यांच्याही लक्षात आलं. ते तसेच पडून राहिले, पाठ पूर्ण टेकलेली, मनगटं न सोडता. पोट हसण्यानं हलायला लागलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी जीपमधून लांब दांड्याचा झाडू आणला आणि पंखा स्वतः झाडला.

यानंतर त्यांचा गार्ड असा काही पिकला, की आमच्यातल्या कुणालाच त्यांचे पाय ओलांडता येईनात. जोर होताच, पण ते तो वापरायचे नाहीत. शिकवायची भाषा मात्र त्यांची स्वतःची. कोपर गुडघ्यापासून सुटलं की ओरडायचे, "फट ठिवू नका, मी जीपवाला हाय, फट दिसली की मी शीट बसवतो." आणि खरंच त्या फटीतून त्यांचा पाय आत यायचा. समोरचा डोकं खाली घालून घुसायला लागला तर त्याला ढकलू नये, हे त्यांनी मेंढरांवरून सांगितलं. लहानपणी बापानं त्यांना शिकवलं होतं की मेंढा धावून आला तर त्याच्यापुढं भिंत व्हायचं नाही. त्याला यायचं तिकडं येऊ द्यायचं, फक्त मान जरा वाकडी करून द्यायची. निकिता हे ऐकून त्यांना दोनदा सांगायला लावायची. मग म्हणायची, पुण्यात मला हेच शिकायला वर्ष लागलं.

संभाजीनगरला स्पर्धा होती. पैलवान यायला तयार नव्हते, निकितानं परस्पर नाव दिलं. तिथं कळलं की त्यांच्या वयात आणि वजनात दुसरा कुणीच नाही, त्यामुळे न खेळताच सुवर्णपदक. पैलवानांना हे अजिबात रुचलं नाही. आयोजकांकडे जाऊन त्यांनी सांगितलं की जत्रेत जोड मिळाली नाही तर नारळ घेऊन गप घरी जातात, बिन कुस्तीचा फेटा कुणी बांधून घेत नाही. कुणीतरी द्या. शेवटी पुण्याकडचा एक तिशीतला दांडगा गडी कौतुकानं तयार झाला.

पैलवान मॅटवर गेले, रामराम केला आणि चक्क बसले. शड्डू ठोकला. सगळा हॉल बघायला लागला. त्या गड्यानं येऊन त्यांना पाठीवर दाबलं आणि पुढचा सगळा वेळ त्यांचे पाय ओलांडायचा प्रयत्न केला. डावीकडून गेला तर गुडघा मध्ये, उजवीकडून गेला तर पंजा कमरेवर. डोकं धरायला गेला तर मनगट पैलवानांच्या हातात. एकदा पैलवानांनी त्याला पलटवलंही, पण त्यानं लगेच वर येऊन गुण घेतले. शेवटी थोड्याशा गुणांनी पैलवान हरले. तो गडी धापा टाकत म्हणाला, काका, तुम्हाला आणखी दहा वर्षं आधी भेटायला पाहिजे होतं. पैलवान म्हणाले, बरं झालं न्हाई भेटला, तव्हा मी उभाच राह्यलो असतो. परतताना सगळा रस्ता ते गाणी म्हणत होते, आणि बदनापूरला थांबवून त्यांनी आम्हा सगळ्यांना भजी खाऊ घातली.

त्या लढतीचं चित्रण आमच्यातल्या एका मुलानं काढलं होतं. कौतुकानंच काढलं आणि मोबाईलवर टाकलं. ते फिरत फिरत पैलवानांच्या गावी पोचलं. तिथं कुणीतरी त्याच्यावर लिहिलं, 'म्हसू पैलवान चित.' पुढचं मागचं कुणी बघितलं नाही. पांढऱ्या मिशांचे पैलवान उताणे पडलेले आणि छातीवर परका गडी, एवढंच लोकांनी पाहिलं.

पैलवान यायचे बंद झाले. जीप यायची, त्यांची चप्पल दारात दिसायची नाही. मी एक दिवस जीपच्या थांब्यावर जाऊन उभा राहिलो. त्यांनी मला पाहिलं, सवारीच्या पिशव्या टपावर चढवत राहिले. मग आले. पोरं हसतात त्याचं काही नाही, म्हणाले. पोरं त्यांच्या कानांनाही हसतच होती. पण त्यांचे वस्ताद अजून होते. वय ऐंशीच्या पुढे, नजर जवळजवळ गेलेली. त्यांना कुणीतरी जाऊन सांगितलं होतं की म्हसूची पाठ लागली. वस्तादांनी निरोप धाडला होता, रविवारी तालमीत ये. दोन रविवार पैलवान गेले नव्हते.

"त्यांनी मला आठ वर्षाचा असताना मातीत घेतलं, सर," पैलवान म्हणाले. "माझ्या बापानं जेवढं केलं न्हाई तेवढं त्यांनी केलं. आता त्यांच्यापुढं जाऊन काय सांगू? म्हाताऱ्याच्या काळजाला लागलं असल."

मी निकिताला सांगितलं. ती म्हणाली, आपण बरोबर जायचं.

रविवारी आम्ही त्यांच्याच जीपमधून निघालो. निकिता, मी, मागे गयाबाई. पैलवान गाडी इतकी हळू चालवत होते की उसाच्या बैलगाड्या आम्हाला ओलांडून जातात की काय असं वाटलं. गयाबाई मागून म्हणाल्या की आज रस्त्यात एवढं बघण्यासारखं काय आहे. पैलवानांनी गिअर बदलला, वेग तेवढाच राहिला.

तालीम म्हणजे पत्र्याचं लांबट छप्पर, मधे लाल मातीचा आखाडा. बातमी फुटलेली होती. भिंतीला टेकून पंचवीसेक माणसं उभी. वस्ताद खुर्चीवर, अंगावर पांढरी बंडी, हातात काठी. पैलवानांनी त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. वस्तादांनी डोक्यावर हात ठेवला पण आशीर्वादाचा शब्द काढला नाही. बरोबर कोण आहे ते विचारलं. जिनं शिकवलं ती बाई आली आहे असं कळल्यावर त्यांनी काठीनं खुर्चीशेजारची जागा दाखवली आणि निकिताला तिथं बसायला सांगितलं. तालमीत बाई बसलेली काही म्हाताऱ्यांना आवडली नाही, कुजबूज झाली. वस्ताद म्हणाले की मला दिसत नाही, काय चाललंय ते मला कुणीतरी सांगायला पाहिजे, आणि तुमच्यातल्या कुणाला ते कळणार नाही.

मग त्यांनी तालमीतला सध्याचा पहिला गडी, रामेश्वर म्हणून एक ताकदवान तरुण होता, त्याला मातीत उतरवलं. पैलवानांना म्हणाले, "म्हसू, तिकडं जे केलं ते हितं कर."

पैलवान लंगोट बांधून आखाड्यात उतरले. माती कपाळाला लावली. आणि उभेच राहिले. मॅटवर त्यांची पाठ कधीच टेकायला लागली होती. पण ही माती होती. त्यांच्या नाकपुड्या हलत होत्या आणि तळहात एकमेकांवर चोळणं चालू होतं, थांबत नव्हतं.  मला वाटलं, आता हे बाहेर येतील. निकितानं माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली, म्हणजे बोलू नका.

पैलवान खाली बसले. मग एक कूस टेकवली. मग एक मोठा श्वास सोडून त्यांनी पाठ मातीवर ठेवली, आणि पाय वर घेतले.

रामेश्वर संकोचून उभा होता. पडलेल्या माणसाशी काय लढायचं, त्याला कळेना. वस्तादांनी दटावलं तेव्हा तो गेला. सरळ जोर लावून छातीवर बसायला गेला आणि पैलवानांचे दोन्ही पंजे त्याच्या कमरेवर आले. त्यानं पाय बाजूला सारले तर गुडघे आले. निकिता वस्तादांच्या कानाशी हळू आवाजात सांगत होती. आता मनगट धरलंय. आता काकांनी कूस बदलली. आता त्याचं डोकं खाली आलंय. वस्ताद मान हलवत होते. पैलवानांनी बगलेत हात घातला आणि रामेश्वर पलटी होऊन पडला. भिंतीशी उभी असलेली माणसं पुढं सरकली. दुसऱ्यांदा तो चिडून आला, मान खाली घालून. पैलवानांनी त्याला येऊ दिलं, मान जरा वाकडी करून दिली आणि एक पाय त्याच्या मानेवरून टाकून दुसऱ्या पायानं फास आवळला. रामेश्वरला थाप मारायची माहीत नव्हती आणि माहीत असती तरी त्यानं मारली नसती. पैलवानांनीच त्याच्या वतीनं मातीवर थाप मारली आणि सोडलं.

वस्तादांनी निकिताला विचारलं, झालं का? ती म्हणाली, झालं.

त्यांनी पैलवानांना जवळ बोलावलं.

"तू खाली, तो वर. मंग पडला कोण?"

पैलवान म्हणाले, "आधी मी, वस्ताद. मंग तो."

वस्तादांचा चेहरा तसाच होता. हात पुढे करून त्यांनी पैलवानांची पाठ चाचपली. मानेपासून कमरेपर्यंत हात फिरवला. बोटं लाल झाली.

"माती लागली की रं पाठीला."

"लागली, वस्ताद."

"मंग झाड, अन् चहा घे."

पैलवान तिथंच वस्तादांच्या खुर्चीला धरून बसले.  गयाबाईंनी पदरानं त्यांची पाठ झाडायला सुरुवात केली आणि झाडता झाडता दोन-चार धपाटेही घातले, गाडी हळू चालवल्याचे असावेत. ज्यानं ते 'चित' लिहिलं होतं तो पोरगा रामेश्वरच्या मागं लपून फास कसा बसला ते विचारत होता. एक म्हातारे मात्र काठी टेकत निघून गेले. ही कुस्ती नव्हे, म्हणाले. वस्तादांनी मागून सांगितलं की मी कुठं म्हटलं ही कुस्ती आहे म्हणून. पण त्या म्हाताऱ्यांनी शेवटपर्यंत आपलं मत बदललं नाही आणि पैलवानही त्यांच्याशी कधी वाद घालायला गेले नाहीत.

पैलवान परत येऊ लागले. पुढे गयाबाईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, घरी दोन म्हशी आणि मेंढरं बघायला माणूस हवा झाला, आणि जीप पुतण्याच्या हातात गेली. मग त्यांचं येणं महिन्यातून एखाद्या वेळी, पुढे तेही नाही. पुतण्या कधी सकाळी भाकरीचं फडकं वर आणून द्यायचा. त्यात कारकुनासाठी दह्याचा डबा असायचा.

माझी बदली दुसऱ्या जिल्ह्यात झाली. सामान बांधायच्या आधी काही कामानं घनसावंगीला गेलो होतो. परतताना एसटीत खिडकीशी बसलो होतो. पैलवानांच्या गावाच्या थांब्यावर बस थांबली, बाया चढल्या, कंडक्टरचा सुट्ट्या पैशांवरून वाद सुरू झाला. रस्त्याच्या पलीकडं शाळेचं पटांगण होतं. तिथं जुनी ताडपत्री अंथरलेली, आणि तिच्यावर हायस्कुलातल्या पंधरा-वीस मुली जोड्या करून बसलेल्या, ओढण्या कमरेला बांधलेल्या. एक खाली, एक वर. एकमेकींची मनगटं धरून हसत होत्या, ओरडत होत्या. गयाबाई काळा चष्मा लावून कडेला खुर्चीवर बसून कुणाला तरी दम देत होत्या. आणि मधोमध म्हसू पैलवान उताणे पडले होते. एक दांडगी मुलगी त्यांचे पाय ओलांडायला दात ओठ खाऊन झटत होती, आणि ते तिला काहीतरी सांगत होते.

मी खिडकीतून हाक मारली. त्यांनी पडल्या पडल्या मान मागं टाकून उलट्या नजरेनं बसकडे बघितलं आणि मला ओळखलं. तोवर बस हलली होती. त्यांचे दोन्ही हात त्या मुलीच्या मनगटांवर होते आणि ते सोडले असते तर ती पाय ओलांडून पार झाली असती. म्हणून त्यांनी एक पाय उंच केला आणि बस वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत तो हलवत राहिले.